अवतरण संपते कुठे?

छापखान्यात अवतरणचिन्हांची जोडी असते. उघडणारे वेगळे, मिटणारे वेगळे. “ आणि ” ही दोन रूपे शेजारी ठेवली की बोलणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे शाळकरी मुलालाही सांगता येते. टाइपरायटरने कळा वाचवण्यासाठी ही जोडी मोडली आणि दोघांच्या जागी एकच सरळ चिन्ह ठेवले. तेच संगणकाच्या कीबोर्डवर आले, तेच ॲस्कीच्या तक्त्यात ३४व्या क्रमांकावर बसले, आणि प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांनी मजकुराभोवतीचे कुंपण म्हणून तेच घेतले. या पुस्तिकेचा सगळा विषय त्या मोडलेल्या जोडीतून निघाला आहे. उघडणारे आणि मिटणारे चिन्ह एकच, आणि तेच चिन्ह मजकुराच्या आतही हवे आहे. मग समोर आलेले चिन्ह आतले की शेवटचे, हे ठरवायचे कसे?

माणूस ते अर्थावरून ठरवतो. जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हे नव्हती. कोण काय बोलले ते ‘ऐसे’, ‘म्हणोन’ अशा शब्दांवरून उमगे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, तरी ‘उद्या येतो असं तो म्हणाला’ हे वाक्य आजही आपण आतल्या बोलण्याला कुंपण न घालता लिहितो आणि कोणाचे काही अडत नाही. यंत्राला ही सोय नाही. त्याला नियम लागतो, आणि तोही असा, की एका चिन्हावरून पुढच्या चिन्हावर जाताना शंकेला जागा उरू नये.

कोडचे दोन वाचक सगळ्यांना माहीत आहेत: माणूस आणि कंपायलर. तिसरा वाचक फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे हायलायटर, एडिटरमध्ये कोड रंगवून दाखवणारा भाग. कंपायलर त्या भाषेच्या जाणकारांनी वर्षानुवर्षे घासून-पुसून तयार केलेला असतो. हायलायटर मात्र शेकडो भाषा वाचतो आणि त्यांतली एकही त्याला स्वतःला येत नाही. प्रत्येक भाषेसाठी त्याला एक व्याख्या दिलेली असते: हे राखीव शब्द, ही टिप्पणीची सुरुवात, इथून इथपर्यंत स्ट्रिंग. ही व्याख्या बहुतेक वेळा कोणीतरी स्वयंसेवक लिहितो, फावल्या वेळात, शेजारच्या भाषेची फाइल नकलून. विममध्ये १९९८ सालच्या ५.० आवृत्तीपासून रंग आले. टेक्स्टमेट आणि पीएचपीतले गेशी ही २००४ सालची, पिग्मेंट्स आणि हायलाइट जेएस २००६ची, प्रिझम २०१२चे. टेक्स्टमेट स्वतः मॅकपुरते राहिले, पण त्याची व्याख्या लिहिण्याची पद्धत व्हीएस कोडने उचलली आणि ती जगभर गेली. प्रत्येकाचा साचा वेगळा, पण प्रत्येक व्याख्येला अवतरणाचा प्रश्न सोडवावाच लागतो. तो चुकला की काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होतो तिथे डेटाबेसच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये 'डी:\हिशेब\' असा फोल्डरचा पत्ता होता. त्या डेटाबेसच्या लेखी बॅकस्लॅश हे साधे अक्षर होते. ओळ बिनचूक होती. आमच्या एडिटरमधली एसक्यूएलची व्याख्या मात्र बॅकस्लॅशला एस्केप मानत होती, म्हणजे त्याच्या पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ गेला असे धरत होती. त्यामुळे तिच्या हिशेबी शेवटचे अवतरण निकामी झाले आणि स्ट्रिंग मिटलीच नाही. पुढच्या ओळीतले उघडणारे चिन्ह मिटणारे ठरले, त्याच्या पुढचे मिटणारे उघडणारे ठरले, आणि फाइलच्या तळापर्यंत सगळे उलटे झाले. मजकूर कोडच्या रंगात, कोड मजकुराच्या रंगात. नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाने ते पाहिले आणि चूक त्या ओळीत आहे असे समजून आणखी एक बॅकस्लॅश घातला. रंग सरळ झाले, तो निर्धास्त झाला. रात्री स्क्रिप्ट चालली आणि रकान्यात शेवटी दोन बॅकस्लॅश असलेला पत्ता साठला. त्या पत्त्याशी तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी शोधणारा अहवाल सकाळी कोरा निघाला. कारण सापडेपर्यंत दुपार झाली. त्या मुलाला मी दोष देऊ शकलो नाही. रंग खरे बोलतात हे आम्हीच त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते. बरोबर असलेला कोड रंगामुळे चुकीचा करण्यात आला होता, आणि त्याची जबाबदारी व्याख्येवर होती.

त्या दुपारपासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. ही पुस्तिका त्यातूनच झाली.

मजकूर कुठे संपतो हे सांगण्याच्या वाटा संगणकाच्या इतिहासात चारच दिसतात. सर्वांत जुनी फोरट्रानमधली: आधी अक्षरे किती ते आकड्यात सांगायचे, मग ‘एच’ लिहायचे आणि त्यापुढे तितकी अक्षरे. तिला हॉलेरिथ पद्धत म्हणतात. तिला कुंपणच लागत नाही, त्यामुळे आतल्या अवतरणाचा प्रश्नही उद्भवत नाही. पण मजकुरातले एक अक्षर बदलले की आकडा पुन्हा मोजा. माणसाला हे झेपणारे नव्हते. दुसरी वाट पास्कलची आणि एसक्यूएलची: आत अवतरण हवे असेल तर ते दोनदा लिहा. तिसरी वाट एस्केपची. बीसीपीएल आणि तिच्यातून आलेल्या बी भाषेत हे काम * हे ताऱ्याचे चिन्ह करत असे. बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली तेव्हा ताऱ्याची जागा बॅकस्लॅशने घेतली, आणि सीच्या मागोमाग आलेल्या भाषांनी ती तशीच ठेवली. चौथी वाट म्हणजे कुंपणच बदलणे: तीन अवतरणे लावा, किंवा मजकुरात कधीच येणार नाही अशी खूण स्वतः ठरवा.

बॅकस्लॅश मुळात याकरता जन्माला आला नव्हता. १९६१ साली बॉब बेमर यांनी तो ॲस्कीत आणला, तो अल्गोल भाषेतली ‘आणि’ व ‘किंवा’ ही तर्कचिन्हे /\ आणि \/ अशी जोडून लिहिता यावीत म्हणून. ते काम फारसे कोणी त्याच्याकडून करून घेतले नाही. साध्या गद्यात क्वचित येणारे, कळफलकावर हजर असलेले आणि दुसरे काम नसलेले असे ते चिन्ह होते, आणि एस्केपला नेमके असेच चिन्ह हवे होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्याख्या लिहायला बसलेला नवा माणूस स्वतःशी असे म्हणतो: अवतरण आले की स्ट्रिंग संपते, पण त्याच्या आधी बॅकस्लॅश असेल तर संपत नाही. ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. "तो म्हणाला, \"थांब\"" या ओळीवर ते बरोबर चालतेही. मग तो रेगेक्समध्ये लूकबिहाइंड लिहितो, म्हणजे प्रत्येक अवतरणापाशी थांबून एक पाऊल मागे वळून पाहतो, आणि काम झाले असे मानतो.

त्याच्यासमोर ही चार चिन्हे ठेवा:

"\\"

पहिले चिन्ह अवतरण. स्ट्रिंग उघडली. दुसरे बॅकस्लॅश, त्याने पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेतला. तिसरेही बॅकस्लॅशच, पण त्याचा अर्थ आधीच गेलेला आहे. ते आता साधे अक्षर आहे, त्याच्यात पुढच्याला झाकण्याची ताकद उरलेली नाही. चौथे अवतरण, मोकळे, स्ट्रिंग मिटवणारे. आत एकच अक्षर आहे, खराखुरा बॅकस्लॅश. पण मागे वळून पाहणाऱ्याला काय दिसते? अवतरणाच्या आधी बॅकस्लॅश. तो म्हणतो, झाकलेले आहे, पुढे चला. आणि खालची सगळी फाइल उलटी होते.

दोनाऐवजी तीन बॅकस्लॅश असतील तर अवतरण झाकलेले, चार असतील तर मोकळे. सम की विषम, हे सगळी रांग सुरुवातीपासून मोजल्याशिवाय कळत नाही, आणि एक पाऊल मागे पाहून तर नाहीच. म्हणून या पुस्तिकेत एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली आहे: मागे पाहू नका, पुढे खात चला. डावीकडून निघा. बॅकस्लॅश भेटला की तो आणि त्याच्या पुढचे चिन्ह, ते कोणतेही असो, एका घासात गिळा. असे चालत गेल्यावर जे अवतरण तुम्हाला उघड्यावर भेटेल ते शेवटचेच असेल. सम-विषम मोजण्याची गरज पडत नाही, कारण जोड्या आपोआप जुळत जातात. कंपायलर हेच करतो.

रेगेक्समध्ये हे असे उतरते:

"[^"\\]*(?:\\.[^"\\]*)*"

अवतरण, मग अवतरण आणि बॅकस्लॅश सोडून वाटेल तितकी चिन्हे, मग बॅकस्लॅशची जोडी आणि पुन्हा साधी चिन्हे, हे लागेल तितक्या वेळा, शेवटी अवतरण. जेफ्री फ्रीडल यांच्या ‘मास्टरिंग रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ या १९९७च्या पुस्तकात या रचनेची जी उकल आहे, ती या विषयात हात घालणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावी. चौकटी कंसातला तो बॅकस्लॅश क्षुल्लक दिसतो आणि घाईत गळतो. "(\\.|[^"])*" असा पॅटर्न मला अनेक व्याख्यांत सापडला. त्यात बॅकस्लॅशला दोन दारे उघडी राहतात: तो जोडीतही जाऊ शकतो आणि साधे अक्षर म्हणूनही. ओळ पुरी असेल तोवर सगळे ठीक. पण ओळ अर्धी असेल, मिटणारे अवतरण अजून टंकायचे असेल, तर इंजिन मागे फिरते, जोडी मोडते, बॅकस्लॅशला साधे अक्षर ठरवते आणि झाकलेल्या अवतरणावर स्ट्रिंग संपल्याचे जाहीर करते. त्यातून बॅकस्लॅशची लांब रांग आली की दोन दारांतून जाण्याच्या वाटा इतक्या वाढतात की एडिटर गोठतो. दोन्ही दुखणी त्या एका गळलेल्या चिन्हाची.

विमच्या सी भाषेच्या व्याख्येत हीच समज दुसऱ्या रूपात आहे. तिथे स्ट्रिंगला सुरुवात आणि शेवट यांच्या जोडीला ‘स्किप’ असा तिसरा रकाना मिळतो, म्हणजे शेवट शोधताना काय ओलांडून जायचे. त्यात लिहिलेले असते:

\\\\\|\\"

पहिले चार बॅकस्लॅश म्हणजे दोन खरे. मग \| म्हणजे ‘किंवा’. शेवटी बॅकस्लॅश आणि अवतरण. ओलांडायचे काय? जोडीचा बॅकस्लॅश, किंवा झाकलेले अवतरण. नवशिक्याला फक्त दुसरा भाग सुचतो. पहिला भाग कोणीतरी "\\" वर ठेच खाल्ल्यावरच सुचतो. नऊ चिन्हांत सात बॅकस्लॅश पाहून घाबरायला होते हे खरे, पण ते अटळ आहे. बॅकस्लॅशचा नियम सांगणारी व्याख्या स्वतःच बॅकस्लॅशच्या नियमाखाली असते. जेसनमध्ये लिहिलेल्या टेक्स्टमेटच्या व्याख्येत एक खरा बॅकस्लॅश ओळखायला चार लिहावे लागतात: रेगेक्ससाठी दोन आणि त्यांपैकी प्रत्येकासाठी जेसनचा आणखी एक. केट या एडिटरच्या व्याख्या एक्सएमएलमध्ये असतात, तिथे गुणधर्मात अवतरण लिहायचे तर त्याचे एक्सएमएलमधले लांब नाव वापरावे लागते. कोणत्या थरावर आपण उभे आहोत हे विसरले की चूक ठरलेलीच. मी प्रत्येक पॅटर्नच्या शेजारी टिप्पणीत त्याचे मूळ, न झाकलेले रूप लिहून ठेवतो, आणि वाचकांनीही तसे करावे अशी विनंती आहे.

दुहेरी अवतरणाच्या, म्हणजे आतले अवतरण दोनदा लिहिणाऱ्या, भाषांत गंमत वेगळी आहे. 'राम''चा' या पास्कलच्या स्ट्रिंगला अडाणी व्याख्या दोन स्ट्रिंग समजते, एक संपली आणि लगेच दुसरी सुरू झाली, तरी रंग बरोबरच दिसतो. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. आतल्या जोडीला वेगळा रंग द्यायची वेळ आली की ती उघडी पडते. टेक्स्टमेटच्या पद्धतीत आतला पॅटर्न आणि शेवटचा पॅटर्न एकाच जागी जुळले तर शेवटच्याला मान मिळतो. बॅकस्लॅश अवतरणाच्या एक घर आधी येतो म्हणून तिथे आतला पॅटर्न आपोआप जिंकतो. दुहेरी अवतरणात दोघे एकाच घरावर पोहोचतात आणि आतला हरतो. उपाय असा, की शेवटालाच सांगायचे, पुढे आणखी एक अवतरण असेल तर तू शेवट नाहीस: "(?!"). इथे पुढे डोकावणे चालते, कारण नियमच पुढच्या चिन्हाविषयी आहे. बॅकस्लॅशची व्याख्या नकलून दुहेरी अवतरणाची करणाऱ्यांना नेमके हेच ठाऊक नसते.

आणि भाषेगणिक नियम फिरतो. शेलमध्ये एकेरी अवतरणात बॅकस्लॅशला काहीही अर्थ नाही, म्हणून आत एकेरी अवतरण हवे असेल तर '\'' ही चार चिन्हे लिहितात: मिटवा, बाहेर एक झाकलेले ठेवा, पुन्हा उघडा. पायथनची रॉ स्ट्रिंग तर फसवीच. तिच्यात बॅकस्लॅश साधे अक्षर म्हणून मजकुरात राहतो, तरीही पुढच्या अवतरणाला मिटू देत नाही. म्हणजे व्याख्येने जोडी गिळायची, पण तिला एस्केपचा रंग द्यायचा नाही. सी शार्पच्या @ लावलेल्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश निर्धोक आणि अवतरण दुहेरी. सी प्लस प्लसने २०११ साली अशी स्ट्रिंग आणली की तिच्या शेवटाची खूण प्रोग्रॅमर स्वतः ठरवतो, सोळा चिन्हांपर्यंत. आणि माझ्या त्या स्क्रिप्टचे मूळ असे, की एसक्यूएल ही एक भाषा नाहीच. मायएसक्यूएल मूळ मांडणीत बॅकस्लॅशला एस्केप मानते. प्रमाण एसक्यूएल मानत नाही. पोस्टग्रेस पूर्वी मानत असे आणि २०११च्या ९.१ आवृत्तीपासून साध्या स्ट्रिंगमध्ये मानत नाही. नुसते ‘एसक्यूएल’ असे नाव लावलेली एकच व्याख्या यांतल्या कोणाशी तरी खोटे बोलणारच.

साधनांच्या रचनेतही हे दिसते. गेशीच्या भाषाफाइलमध्ये सर्व अवतरणांसाठी मिळून एस्केपचे एक चिन्ह लिहायचा रकाना होता. एकेरी (') आणि दुहेरी (") अवतरणचिन्हांचे नियम वेगळे असतात हे लक्षात आल्यावर ‘हार्डक्वोट’चे वेगळे रकाने जोडावे लागले. याउलट लाटेकचे लिस्टिंग्ज पॅकेज स्ट्रिंग सांगतानाच विचारते: बॅकस्लॅशची की दुहेरीची की दोन्हींची? मला हा प्रश्न विचारणारा साचा सर्वांत प्रामाणिक वाटतो. लिहिणाऱ्याला भाषेचा संदर्भग्रंथ उघडायला तो भाग पाडतो.

एक सूचना अशी, जी मला फार उशिरा कळली. एडिटरमधला कोड बहुतेक वेळ अपुरा असतो. तुम्ही अवतरण उघडता आणि ते मिटेपर्यंतच्या काही क्षणांत खालचे पान रंग बदलते. जिथे भाषा स्वतःच ओळीच्या शेवटी स्ट्रिंग तोडते, सी किंवा जावास्क्रिप्टसारखी, तिथे शेवटाच्या पॅटर्नमध्ये "|$ लिहून ओळ संपताच स्ट्रिंगही संपवा. नुकसान एका ओळीपुरते राहते. फक्त ओळीच्या टोकाला बॅकस्लॅश ठेवून स्ट्रिंग पुढच्या ओळीवर नेण्याची मुभा या दोन्ही भाषांत आहे, तेवढी तपासा.

आता ट्री-सिटरसारखी साधने आली आहेत, जी रेगेक्सच्या ओळींऐवजी कोडचा पुरता वृक्ष बांधतात. पायथनच्या २०२३ साली आलेल्या ३.१२ आवृत्तीने एफ-स्ट्रिंगच्या आत तेच अवतरण पुन्हा वापरायची मोकळीक दिली, तेव्हा अशा साधनांची गरज ठळक झाली. तरी त्यांच्याही व्याकरणात स्ट्रिंग कुठे संपते हे कोणाला तरी लिहावेच लागते, आणि बॅकस्लॅशची जोडी तिथेही अशीच पुढे खात जावी लागते.

ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे कारण सरळ आहे. ज्यांच्याबरोबर मी हे प्रश्न सोडवले ते सगळे मराठीतून विचार करणारे होते आणि आमची खरी चर्चा चहाच्या वेळी मराठीतच होई. छपाईबद्दल एवढेच सांगतो, की गद्यातली अवतरणे वळणदार आहेत आणि कोडमधली मुद्दाम सरळ ठेवली आहेत. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरने ती कुठे वळवलेली आढळली तर ती मुद्रणातली चूक समजावी आणि मला कळवावी.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी तुम्ही रोज वापरता तो एडिटर उघडा. तुमच्या भाषेत बॅकस्लॅश एस्केप असेल तर कोऱ्या फाइलमध्ये "\\" लिहा, आणि त्याच ओळीवर पुढे एखादे साधे नाव लिहा. ते नाव स्ट्रिंगच्या रंगात दिसले, तर त्या भाषेची व्याख्या शोधून काढा आणि हे पुस्तक शेजारी ठेवून ती दुरुस्त करा.